तुराट्या कोणाच्या

दीक्षितपुरा, जबलपूर
९ जानेवारी २०२२

चि. विनतास,
गच्चीवर उन्हात बसून, कानाला मफलर गुंडाळून लिहिणाऱ्या मामाचे भरपूर आशीर्वाद.

फोनवर तू तिसऱ्या वाक्याला हिंदीवर घसरतेस, म्हणून परदेशी जाताना तुझ्या आईने तुझ्याकडून कबूल करून घेतलं होतं की मामाशी पत्रानेच बोलायचं, आणि मराठीत. तेव्हा मीही कागदावर लिहून त्याचा फोटो तुला पाठवतो. पोस्टात टाकलं तर रॉटरडॅमला पोचेपर्यंत इथली थंडी संपायची.

आता कामाचं. वीज मंडळातून निवृत्त झाल्यावर मी घरात बसून तुझ्या मामीला गॅस कसा वाचवावा हे शिकवू लागलो, तेव्हा तिनेच मला घराबाहेर काढलं हे तुला ठाऊक आहे. मग इथून जवळच पाटनला तुळशीरामच्या शेडमध्ये त्याने आणि मी मिळून यंत्र बसवलं. तुरीचं पीक निघालं की उरलेल्या तुराट्या शेतकऱ्यांकडून घ्यायच्या, त्यांचा भुगा करायचा आणि दाबून मनगटाएवढ्या जाड कांड्या पाडायच्या. बॉयलरमध्ये त्या कोळशाच्या जागी जळतात. गेली तीन वर्षं आसपासच्या दोन डेअऱ्या आणि एक पोहे मिल आमच्याच कांड्यांवर चालतात. जंगलातलं एकही लाकूड आम्ही वापरत नाही, हे मी भेटेल त्याला सांगत असतो. मामी म्हणते, न भेटेल त्यालाही सांगता.

तर मुंबईचा एक निर्यातदार मागे लागला आहे. हॉलंडमधल्या एका कंपनीला तिच्या वीज केंद्रात कोळशाऐवजी असलं जळण हवं आहे. तुराट्यांची राख कमी पडते म्हणून आमचा नमुना त्यांना पसंत पडला. कंपनीचं नाव वाचलं आणि मी ओरडलोच. अगं, तुझीच कंपनी! हे काम मिळालं तर शेड बारा महिने चालेल. आत्ता ती जेमतेम चार महिने चालते आणि आमची माणसं उरलेलं वर्ष मिळेल त्या कामामागे हिंडतात. मी तर दुसरं यंत्र सांगूनही टाकलं आहे. मामीला अजून बोललेलो नाही, तूही बोलू नकोस.

फक्त एक दाखला लागतो, की हे जळण कोणाचं नुकसान करून आलेलं नाही. त्यासाठी बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म आहे. तो मी भरून रवानाही केला. प्रत सोबत जोडली आहे. सतराव्या प्रश्नाचं उत्तर जरूर वाच. ‘हा माल तुमच्याकडे येण्याआधी त्याचा काय उपयोग होत असे?’ बाकीचे लोक इथे एक ओळ लिहीत असतील. मी दीड पान लिहिलं आहे. कुडाच्या भिंती, काकडीचे मांडव, धान्याच्या कणग्या, खराटे, चुलीचं जळण, आणि चुलीतल्या राखेने घासलेली भांडीसुद्धा. काय दर्जाची वस्तू पाठवतोय ते कळू दे साहेबलोकांना.

कसं वाटलं ते लिही. खोटी स्तुती नको, खरी चालेल.

तुझा
अच्युतमामा


रॉटरडॅम
१५ जानेवारी २०२२

प्रिय मामा,
साष्टांग नमस्कार. परवा बर्फावरून सायकल घसरली तेव्हा एक घालून झाला होता, हा दुसरा.

तुमचं दीड पान मी ऑफिसच्या कँटीनमध्ये वाचलं आणि इतकी हसले की शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. मग एकदम लक्षात आलं की हे पाठवूनही झालंय. मामा, हे काय करून ठेवलंत!

आधी एक सांगते. तुम्ही माझे मामा आहात हे मी इथे लगेच सांगून टाकलं. त्यामुळे तुमची फाइल माझ्याकडे नाही, हेंक नावाच्या सहकाऱ्याकडे आहे. तो वयाने तुमच्याएवढा आणि तुमच्याइतकाच चिकट आहे.

इथे बंदरावर अमेरिकेहून, कॅनडाहून जहाजं येतात. आत लाकडाच्या भुशाच्या बारीक गोळ्या. गोदामात शिरलं की सुताराच्या दुकानासारखा वास येतो, आणि ढीग आपल्या मदनमहालच्या टेकडीएवढे. पण इथले लोक विचारतात की ही झाडं तोडूनच आणली ना? मग कोळसा काय वाईट होता? म्हणून कंपनीला असा माल पाहिजे की जो कोणाच्याच कामाचा नाही, जो एरवी शेतातच पेटवून दिला असता. आणि तुम्ही लिहिलंत की तुराट्यांवाचून पाटनचं पान हलत नाही! हेंकने तुमच्या दीड पानाच्या समासात लिहून ठेवलंय, ‘मग आता हे लोक काय वापरतात?’

घाबरू नका. एका ओळीची दुरुस्ती पाठवून द्या. ‘आता बहुतेक तुराट्या शेतातच जाळल्या जातात.’ थोड्याफार जाळतातच ना? अच्छा, कुडाच्या भिंती आता कोण बांधतं? आणि गॅस तर घरोघरी आलाय. तुम्ही लिहिलंत ते जुन्या काळाचं वर्णन झालं. ३१ तारखेच्या आत पाठवा.

मामीला यंत्राचं काही बोलले नाही. देवाशप्पथ.

तुमची
विनता


दीक्षितपुरा
२१ जानेवारी २०२२

चि. विनता,
आशीर्वाद, पण आज जरा रुसलेले.

कोणाच्याच कामाचा नाही असा माल! अगं, आपल्या घरात दुधाची रिकामी पिशवी धुऊन, वाळवून ठेवतात. मंडळात असताना मी जळक्या तारांचे तुकडेसुद्धा मोजून ठेवायचो आणि त्यावर लोक हसायचे. आणि आता मी माझ्याच तोंडाने म्हणायचं की माझा माल कचरा आहे, म्हणजे तो पास होणार. तुझी मामी म्हणाली, “बरं झालं, निदान परदेशातल्या लोकांनी तरी तुम्हाला कमी लिहायला सांगितलं.”

तुळशीरामला तुझं पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, “भैया, एक लाइन लिहून टाका ना. काहून एवढा विचार करून राहिले? कोण पाहाले येते तिथून?” मी म्हटलं, आपल्याला तरी पाहिलं पाहिजे. मीटरचं रीडिंग मी आयुष्यात कधी घरी बसून लिहिलेलं नाही. पण तुरीची कापणी आहे फेब्रुवारीअखेर. आत्ता शेतात उभ्या तुरीशिवाय काय दिसणार?

दोन दिवस घोळ घातला आणि शेवटी लिहिली ती ओळ. सही करून पाठवलीही. तुळशीराम शेतकरी आहे, तू कंपनीत आहेस, दोघं एकच सांगताय, तर मी एकट्यानेच शहाणपणा कशाला करायचा? कापणी लागली की मात्र जाऊन बघणार आहे, कोण किती जाळतं ते.

ता. क. यंत्राची बातमी मामीला लागली. माझा संशय तुझ्यावर आहे. दोन दिवस भाजीत मीठ नाही.

तुझा
अच्युतमामा


रॉटरडॅम
३ फेब्रुवारी २०२२

प्रिय मामा,
नमस्कार, आणि मीठ मिळू लागलं असेल अशी आशा.

मी निर्दोष आहे. यंत्रवाल्याने घरच्या फोनवर फोन केला आणि तो मामीने उचलला, असं तिनेच मला सांगितलं. मेसेजमध्ये तिने पुढे लिहिलंय, ‘दुसरं यंत्र घेतलं त्याचं काही नाही, लपवलं कशाला?’ याचं उत्तर तुमचं तुम्ही द्या.

तुमची ओळ हेंकला मिळाली. त्याने समासातला प्रश्न खोडला आणि पुढचा कागद उघडला. आता फक्त तपासणी राहिली. दाखला देणाऱ्या संस्थेच्या भानुमती मॅडम नागपूरहून २५ मार्चला पाटनला येतील. कापणी तेव्हा संपत आली असेल, त्या शेड बघतील, गावातल्या लोकांशी बोलतील, बस. चहा द्या, भाषण देऊ नका.

मामा, हे काम व्हावं असं मला फार फार वाटतंय. तुमच्यासाठी तर आहेच. पण माझ्यासाठीही. का ते झाल्यावर सांगेन.

तुमची
विनता


दीक्षितपुरा
१३ मार्च २०२२

चि. विनता,
आशीर्वाद.

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आता जसं झालं तसंच लिहितो.

मंगळवारी तुळशीरामबरोबर पाटनजवळच्या शेतांवर गेलो. कापून, वाळवून, झोडून तूर वेगळी काढली होती आणि तुराट्यांचे ढीग लागले होते. आमच्याच शेडची ट्रॉली उभी होती. कुठेही राख नाही, काळी जमीन नाही. वीस-पंचवीस बायका काम उरकून निघाल्या होत्या, हातात फक्त विळे. त्यांच्यात राधाबाई म्हणून एक वयस्क बाई आहेत, मूळच्या भंडाऱ्याकडच्या, लग्न होऊन इकडे येऊन चाळीस वर्षं झाली. त्यांना विचारलं, “बाई, उरलेल्या तुराट्या शेतात जाळतात का हो इथे?”

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. “शेतात? काहून जाळतीन शेतात? चुलीत जाळाले भेटून नाही राहिल्या, अन् शेतात!”

मग त्यांनी जे सांगितलं ते मला तीन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. इथे रीत अशी होती की तूर कापणाऱ्या बाईने संध्याकाळी डोक्यावर पेलेल एवढा तुराट्यांचा भारा घरी न्यायचा. मजुरी वेगळी, भारा वेगळा. त्यांच्या सासूच्या सासूपासूनची रीत. कापणीभर आणलेले भारे घरामागे रचून ठेवले की पुढच्या कापणीपर्यंत चूल चालायची. “मंग तुमची मशीन आली. तवापासून मालक म्हनते, तुराटी विकली, हात नका लावू.”

“मग आता काय जाळता?”

“जंगल आहे ना. दोन कोस जातो. वाळलेलं कुठं राहिलं आता, कवळी झाडं तोडतो. धूर लय होते, डोये चुरचुर करते. पन भाकर तं टाकाच लागते ना साहेब.”

मी गॅसचं विचारलं. सिलिंडर आहे म्हणाल्या. पाहुणा आला की पेटवतात, एरवी फडकं टाकून झाकून ठेवतात. दुसरा भरून आणणं झेपत नाही.

विनता, तीन वर्षं मी छाती पुढे काढून सांगतोय की आमच्या कांड्यांनी जंगल वाचतं. आणि माझ्या शेडपासून दोन कोसांवर माझ्यामुळे कोवळी झाडं तुटतायत. मला त्या शेतात उभं राहवेना. फार लाज वाटली. मी लिहिलेलं दीड पान जुन्या काळाचं वर्णन नव्हतं गं, ती तीन वर्षांपूर्वीपर्यंतची गोष्ट होती. आणि त्याच्यानंतरच्या एका ओळीखाली माझी सही आहे.

ती ओळ मी परत घेणार आहे. भानुमती मॅडम आल्या की सगळं दाखवीन. काम बहुतेक हातचं जाईल. तुळशीरामला हे गाडीतच सांगितलं. शेडपाशी उतरताना तो म्हणाला, “अन् आपल्या अकरा मानसांचं काय? ते काय मानसं नाहीत?” ते खरंच आहे. तेव्हापासून तो फोन उचलत नाही.

तुला यातून काही त्रास व्हायचा असेल तर आधी कळव. तुला न विचारता करणार नाही. पण विचारल्यावर करीन.

तुझा
अच्युतमामा


रॉटरडॅम
१७ मार्च २०२२

प्रिय मामा,
नमस्कार.

पहिले दोन दिवस मी तुमच्यावर चिडले होते. कोणी सांगितलं होतं शेतावर जायला, असंही मनात आलं. आता लिहितेय तर तेही लिहिते.

का चिडले ते सांगते. मध्य भारतातून तुराट्या घ्याव्यात ही कल्पना माझीच होती. मागच्या वर्षी मीटिंगमध्ये मीच उभी राहून सांगितलं होतं की माझ्या गावाकडे अशी एक काडी आहे, ती कोणाला नको असते. तुमचा माल इथपर्यंत आला तो त्या निर्यातदारामुळे नाही, माझ्यामुळे. या कंपनीत माझं म्हणणं पहिल्यांदाच कोणी मान्य केलं होतं. मी अठरा वर्षं जबलपूरला राहिले, पाटनच्या रस्त्याने शंभरदा गेले. डोक्यावर भारे घेतलेल्या बायका मी गाडीच्या खिडकीतून बघितल्या आहेत. आणि तरी मी म्हटलं की ती कोणाला नको असते.

तिसऱ्या दिवशी हेंककडे गेले. तुमची ती ओळ मी सुचवली होती हे त्याला सांगितलं. तो म्हणाला की हे मोठ्या साहेबांना तूच सांग. सांगितलं. बोलणी बसली. नोकरी आहे, पण तुराट्यांचं काम आता माझ्याकडे राहिलेलं नाही.

तुम्ही मला विचारलंत. तर माझं उत्तर, दाखवा सगळं. माझा विचार करू नका. मला वाईट वाटतंय, पण झोप लागतेय.

तुमची
विनता


दीक्षितपुरा
२९ मार्च २०२२

चि. विनतास,
मामीचे आशीर्वाद. मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. पण तुझे मामा २५ तारखेचं नीट सांगणार नाहीत. स्वतःची बढाई असेल तर दीड पान, आणि खरंच काही चांगलं केलं तर तोंड शिवल्यासारखं.

त्या दिवशी मीही गेले होते. भानुमती मॅडम चाळिशीच्या असतील, शांत बाई, हातात वही. शेड बघितली, माणसांशी बोलल्या. तुळशीरामही आला होता, एका कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा. मग मामा म्हणाले, आता राधाबाईंकडे जाऊ.

आता ऐक. नागपूरहून मॅडम येणार म्हणून राधाबाईंनी घर सारवून लख्ख केलं होतं. पुढच्या खोलीत सिलिंडर पुसून ठेवलेला, शेगडीला हळदकुंकू लावलेलं. आम्ही बसतो न बसतो तोच त्यांनी काडी ओढून गॅस पेटवला आणि चहाचं आधण ठेवलं. पाहुणीला चुलीवरचा धुरकट चहा कसा द्यायचा? मॅडम खूश झाल्या. “अच्छा, आप गैस पर पकाती हैं?” राधाबाई पदर सारखा करत म्हणाल्या, “हो जी, गॅसवरच.” मॅडमनी वहीत लिहून घेतलं.

मी तुळशीरामकडे बघितलं, तो छताकडे बघत होता. काम झालंच होतं गं. घरात गॅस आहे, तुराट्यांची गरज नाही, दाखला पास. कोणी खोटं बोललं असंही झालं नसतं. मामांनी नुसता चहा प्यायचा होता.

त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, “मॅडम, ही शेगडी तुमच्यासाठी पेटवली आहे. चूल मागच्या अंगणात आहे. राधाबाई, माफ करा, पण ती दाखवावी लागेल.” राधाबाईंचा चेहरा पडला. पाहुण्यांसमोर असं कोणी करतं का? मलाही क्षणभर मामांचा राग आला. मग मीच उठले आणि त्यांच्याबरोबर मागे गेले. चुलीशेजारी ओल्या, हिरव्या फांद्या रचल्या होत्या. मॅडमनी त्यातली एक उचलली, साल नखाने खरवडून बघितली आणि फोटो काढला.

परतताना गाडीत तुझे मामा खिडकीबाहेर बघत बसले होते. पस्तीस वर्षं संसार केला, नाकाने कांदे सोलणारा माणूस आहे असंच म्हणत आले. त्या दिवशी मात्र मी त्यांचा हात धरला. तुळशीराम पुढे बसला होता, तरी धरला.

मीठ पूर्ववत आहे.

तुझी
अनसूयामामी


रॉटरडॅम
२ जून २०२२

प्रिय मामा,
नमस्कार. मामीलाही वेगळा नमस्कार. तिचं पत्र मी जपून ठेवलं आहे.

कंपनीचा नकार तुम्हाला मिळाला असेल. साहेबी भाषेत तीन पानं, पण अर्थ एकच. मामा, मला खूप वाईट वाटलं. शेड, यंत्र, ती अकरा माणसं, सगळं डोळ्यांसमोर आलं.

मी हेंकला विचारलं होतं की धानाची तणस, म्हणजे भाताचा पेंढा, चालेल का. तिकडे पनागरच्या बाजूला हार्वेस्टरने धान कापतात आणि उरलेली तणस खरोखरच पेटवून देतात, नोव्हेंबरमध्ये सगळीकडे धूर असतो, हे मी स्वतः बघितलंय. आता ‘स्वतः बघितलंय’ असं असेल तरच बोलते. पण तिची राख फार, आमच्या बॉयलरला ती सोसत नाही. तुमच्याकडच्या वीज केंद्रांनी मात्र कोळशात असलं जळण मिसळायला सुरुवात केली आहे. तुमची तर तिथे अर्धी हयात गेली. विचारून बघा ना.

आणि एक. भानुमती मॅडमच्या अहवालावर हेंकने टीप लिहिली आहे. रीतीप्रमाणे भारा त्या बायकांचा आहे, तेव्हा आधी तो त्यांना मिळावा. त्यानंतर त्यांनी आपण होऊन, कोणाच्या दबावाशिवाय तो विकायचं ठरवलं, तर पुढच्या कापणीनंतर कंपनी पुन्हा विचार करेल. म्हणजे दार बंद झालेलं नाही. किल्ली तेवढी राधाबाईंकडे आहे.

हेंक परवा मला म्हणाला, तुझ्या मामाला भेटायला आवडेल. म्हटलं, येताना भूक घेऊन या.

तुमची
विनता


दीक्षितपुरा
१९ मार्च २०२३

चि. विनता,
मजेत असलेल्या मामाचे आशीर्वाद.

फोनवर तुला तुकड्या-तुकड्याने कळलंच आहे. पण कबुलीप्रमाणे सगळं मराठीत, आणि एकत्र.

तणस घेण्याचं तुझं म्हणणं मी पावसाळाभर डोक्यात घोळवलं. दुसरं यंत्र परत करायला निघालो होतो, ते मग बदलून तणस दाबून गोळ्या पाडणारं घेतलं. तुळशीराम ऑगस्टमध्ये एक दिवस गुपचूप शेडवर आला आणि म्हणाला, “भैया, त्या मशीनचा पट्टा उलटा लावून राहिले तुम्ही.” उलटा नव्हता. पण मी म्हटलं, हो, लाव बाबा सरळ. तिथून आमचं बोलणं सुरू झालं.

नोव्हेंबरात पनागरला गेलो. एकेका शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन विचारलं की ही तणस कोणाच्या गुरांना लागते का, कोणी घरी नेतं का. लागते तेवढी आधी त्यांनी काढून घ्यायची, उरलेली आमची. उरली ती भरपूर उरली. वीज केंद्राचं काम मिळालं. तुझ्या कंपनीच्या कामाच्या मानाने लहान आहे, पण शेड आता नऊ महिने चालेल आणि अकराच्या अकरा माणसं कामावर आहेत. पनागरच्या रस्त्याने या खेपेस येताना पुष्कळ शेतं काळी दिसली नाहीत. सगळी नाही म्हणत मी. पुष्कळ.

आता तुराट्यांचं. आम्ही शेतकऱ्यांना सांगून टाकलं की कापणाऱ्या बाईचा भारा आधी, त्यानंतर उरेल ते आम्ही घेऊ. दोघं-तिघं कुरकुरले, बाकीचे म्हणाले की आमच्या बापाच्या वेळी असंच तर होतं. कालच कापणी संपली. हेंकचं म्हणणं माझ्या डोक्यात होतंच, तुळशीरामच्या तर फार होतं. ऑगस्टपासून तो म्हणत होता, “चांगला भाव देऊ ना त्याईले. आपल्या खुशीनं विकतीन. मंग तुमचं हॉलंडही खूश.” मलाही तसं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, मला तसं हवं होतं. शेड बारा महिने, आणि तुझं ऑफिसात हरवलेलं काम तुला परत.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी सगळ्या बायका आपापले भारे बांधत होत्या. तेवीस जणी. मी त्यांना बसवून घेतलं आणि नीट समजावून सांगितलं. हे आणि कापणीभर घरी नेलेले, सगळे भारे तुमचे आहेत. विकायचे असतील तर हा भाव आहे, त्यात गॅसचे सिलिंडर येतील, हिशेब तुम्हीच करा. नको असेल तर घरी न्या.

राधाबाईंनी विचारलं, “अन् आमी नाही म्हटलं तं?”

“नाही तर नाही.”

“मंग पुढच्या साली कापनीले नका येऊ, असं तं नाही म्हननार कोनी?”

मी तुळशीरामकडे बघितलं. तो म्हणाला, “नाही म्हननार. माह्या शेतात तं नाहीच.”

राधाबाईंनी मागे वळून बाकीच्या बायकांकडे बघितलं. तिथे काही ठराव वगैरे झाला नाही, एकीने नुसती मान हलवली. मग त्या माझ्याकडे वळल्या. “मंग नाही देत,” म्हणाल्या. आणि हसायलाच लागल्या गं! साठीची बाई, पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. “साहेब, मले आजपर्यंत कोनी इचारलंच नव्हतं. एकडाव नाही म्हनून पाहाचं होतं.” तेवीसच्या तेवीस जणी हसत होत्या. पुढच्या वर्षी विचार करू म्हणाल्या, सिलिंडरचा भाव बघून.

तेव्हा हेंकला कळव, की विचारलं होतं आणि उत्तर नाही असं आहे. तुझं काम गेलं ते याही वर्षी परत आलं नाही, त्याचं मला वाईट वाटतं. पण तू तिथे असतीस तर तूही त्यांच्याबरोबर हसली असतीस.

अंधार पडायच्या आत बायका निघाल्या. एक दुसरीच्या डोक्यावर भारा चढवून देत होती. सगळ्यात शेवटी राधाबाई उरल्या. त्यांनी भारा बांधला होता तो एवढा मोठा, की मी म्हटलं, अर्धा आज न्या, अर्धा उद्या. त्यांनी माझं ऐकलं नाही. डोक्यावर चुंबळ ठेवून त्या वाकल्या आणि उचलून द्यायला कोणी आहे का ते बघू लागल्या. तिथे आता आम्ही दोघेच होतो. एका बाजूने तुळशीरामने हात लावला, दुसऱ्या बाजूने मी.

तुझा
अच्युतमामा